ताकद नेमकी कधी येते?

समजा, तालुक्याची खो-खो स्पर्धा तीन आठवड्यांवर आली आहे. तुम्ही ठरवलंत, यंदा आपणच जिंकायचं! मग पहाटे धावणं, शाळा सुटली की सराव आणि झोपण्याआधी भरपूर बैठका. पहिला आठवडा झकास जातो. दुसऱ्या आठवड्यात मात्र भलतंच घडतं. सराव वाढलाय, पण पळण्याचा वेग कमी झालाय! जिना चढताना मांड्या ठणकतात, गणितात लक्ष लागत नाही आणि ताईनं नुसतं "काय रे?" म्हटलं तरी राग येतो. मेहनत वाढली की ताकद वाढायला हवी ना? मग ही उलटी गंगा कशी?

चला, स्नायूच्या आत डोकावू या.

आपल्या शरीरात सहाशेहून जास्त स्नायू आहेत. हात-पाय हलवणारा प्रत्येक स्नायू म्हणजे अतिशय बारीक तंतूंचा जुडगा. नेहमीपेक्षा जास्त जोर लावला की त्यातल्या काही तंतूंना सूक्ष्म चिरा पडतात. तुम्ही म्हणाल, "पण आमचे सर तर सांगतात, लॅक्टिक आम्ल साठलं की अंग दुखतं!" हे अनेकांना वाटतं. पण जरा विचार करा. जोरात पळताना स्नायूंत लॅक्टेट, म्हणजे लॅक्टिक आम्लाचंच रूप, तयार होतं हे खरं, पण थांबल्यावर तास-दीड तासात ते वापरून संपतं. आपलं हृदय तर ते चक्क इंधन म्हणून जाळतं! अंग मात्र सर्वात जास्त दुखतं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. म्हणजे कारण दुसरंच असणार. थिओडोर हफ या अमेरिकी शास्त्रज्ञानं 1902 सालीच म्हटलं होतं, की हे दुखणं स्नायूंच्या आतल्या बारीक इजांमुळे असावं.

आता खरी गंमत ऐका. चिरा पडल्या की रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे धावतात आणि मोडतोड साफ करतात. मग जाग्या होतात उपग्रह पेशी. या एरवी तंतूंच्या कडेला चिकटून गुपचूप झोपलेल्या असतात. 1961 साली अलेक्झांडर मॉरो या शास्त्रज्ञांना त्या बेडकाच्या पायाच्या स्नायूत दिसल्या. साध्या सूक्ष्मदर्शकातून नव्हे, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून! जाग्या झाल्या की या पेशी एकीच्या अनेक होतात, जखमी तंतूला जाऊन मिळतात आणि त्याला पहिल्यापेक्षा दणकट करतात.

हे सगळं कधी चालतं? तुम्ही पळत असताना नाही. तुम्ही थांबल्यावर! जेवल्यावर, आराम करताना आणि गाढ झोपेत. शरीर वाढवणारं संप्रेरक रात्रीच्या पहिल्या गाढ झोपेतच भरपूर पाझरतं. स्नायूंतला ग्लायकोजेन नावाचा साखरेचा साठा पार संपला, तर तो पुन्हा भरायलाही साधारण एक दिवस लागतो. आता रस्त्याचं ताजं डांबर सुकायच्या आतच त्यावरून ट्रक नेला तर काय होईल? रोज नवी मेहनत आणि दुरुस्तीला वेळच नाही, असं झालं की स्नायूंचंही तेच होतं. शरीर थकतं, झोप नीट लागत नाही, सर्दी-खोकला वारंवार होतो, चिडचिड वाढते.

कोल्हापूरच्या तालमींतल्या वस्तादांना हे अनुभवानं ठाऊक आहे. पहाटे जोर-बैठका आणि लढती झाल्या की पैलवानाला खुराक मिळतो: दूध, तूप, बदामाची थंडाई. मग दुपारी झोप. संध्याकाळी पुन्हा मेहनत. तिथे झोप हा मेहनतीचाच भाग असतो.

आणि विश्रांती मिळाली नाही तर? कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1952 साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्ती खेळत होते. एक लांबलेली लढत संपते न संपते तोच त्यांना पुढच्या लढतीला बोलावलं गेलं. दोन लढतींमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती द्यायचा नियम होता, पण त्यांची बाजू मांडायला भारताचा अधिकारी तिथे नव्हता, असं सांगतात. दमलेले खाशाबा ती लढत हरले. तरीही त्यांनी कांस्यपदक मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक! एवढ्या मोठ्या मल्लालाही विश्रांती लागतेच.

करून बघा

सकाळी जाग आली की अंथरुणातून उठायच्या आधी मनगटावरची नाडी मोजा. पूर्ण एक मिनिट. आकडा वहीत लिहा. आठवडाभर असं केलंत की तुमचा नेहमीचा आकडा कळेल. मित्राचा वेगळा असेल, काही बिघडत नाही. मग एखाद्या सकाळी नाडी नेहमीपेक्षा आठ-दहा ठोक्यांनी जास्त भरली आणि अंगही जड वाटलं, तर समजा, दुरुस्ती अजून चालू आहे. त्या दिवशी सराव हलका ठेवा. ताप असला तरी नाडी वाढते, म्हणून घरच्यांनाही सांगा. बरेच दिवस आराम करूनही थकवा जात नसेल, किंवा एकाच जागी सतत दुखत असेल, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. तुमच्या वाढत्या हाडांच्या टोकांशी अजून मऊ कूर्चा असते, तिला जपायला हवं.

मग सराव सोडायचा का? मुळीच नाही! मुलांनी रोज तासभर तरी धावावं, खेळावं. फक्त आठवड्यातले एक-दोन दिवस स्पर्धेच्या खेळाला सुट्टी द्या. त्या दिवशी सायकल चालवा किंवा नुसते भटका. रात्री किमान नऊ तास झोपा. पोळी-भात, डाळ-उसळ, दूध किंवा अंडी पोटभर खा. स्पर्धेआधीचे दोन-तीन दिवस तर सराव मुद्दाम कमी करा. मोठमोठे धावपटूही तसंच करतात.

आणि सुट्टीच्या दिवशी कुणी विचारलं, "काय, आज आळस वाटतं?" तर खुशाल सांगा, "नाही, आज माझ्या उपग्रह पेशी कामावर आहेत!"