आटपाडी तालुका : खोरे आणि हद्द

तालुका हा महसुली कारभाराचा घटक होय, तर नदीचे खोरे हा निसर्गाने आखलेला घटक होय. या दोहोंच्या सीमा जेथे जुळत नाहीत, तेथे पाण्याचा प्रश्न कोणते वळण घेतो, हे सांगली जिल्ह्यातील आटपाडी तालुक्याच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

सातारा जिल्ह्यातील महादेव डोंगररांगेत उगम पावणारी माण नदी दहिवडी व म्हसवडवरून आग्नेयेस वाहत आटपाडीच्या उत्तर भागात येते आणि पुढे सांगोल्याकडून भीमेस मिळते. म्हणजे आटपाडीचा उतार भीमेकडे आहे. जिल्ह्याचे ठाणे मात्र कृष्णाकाठी आहे. दोहोंच्या मध्ये खानापूरचे पठार आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरी ५००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पर्जन्यछायेतील या प्रदेशात तो सरासरीने ५०० मिलिमीटरांच्या आसपास, पुष्कळदा त्याहूनही कमी असतो. जिराईत ज्वारी-बाजरी व मेंढपाळी हे येथील पारंपरिक निर्वाहसाधन याच स्थितीतून निर्माण झाले.

आटपाडीची हद्द भूगोलाने नव्हे, इतिहासाने ठरविली. औंध संस्थानाचा मुलूख सलग नव्हता; औंध, आटपाडी, कुंडल व गुणदाळ हे त्याचे तालुके एकमेकांपासून दूर विखुरलेले होते. १९३९ मध्ये त्या संस्थानाने स्वराज्याची घटना स्वीकारली. तीनुसार गावाने पंचायत निवडावी, पंचायतींच्या अध्यक्षांतून तालुका समिती बनावी आणि विधिमंडळ त्यांवर उभे राहावे, अशी रचना होती. १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे उत्तर व दक्षिण असे विभाजन झाले, तेव्हा आटपाडीचा मुलूख दक्षिण साताऱ्यात आला. याच जिल्ह्यास १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले. प्रारंभी खानापुरास जोडलेला हा भाग पुढे स्वतंत्र तालुका झाला.

गावपातळीवरील कारभार पंचायत सांभाळू शकते. नदीचे पाणी मात्र तिच्या शिवारात मावत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेला राजेवाडीचा तलाव पाहावा. त्याचे पाणी मुख्यतः माण तालुक्यातून येते, बांध आटपाडीच्या बाजूस आहे आणि लाभक्षेत्राचा बराच भाग सोलापूर जिल्ह्यात आहे. एकाच जलाशयाचा संबंध अशा रीतीने तीन जिल्ह्यांशी येतो.

कृष्णा पाणीतंटा लवादाने १९७३ च्या निवाड्यात भीमेचे खोरे कृष्णेच्याच खोऱ्यात धरले. त्यामुळे कृष्णेचे पाणी माणच्या खोऱ्यात नेणे म्हणजे खोऱ्याबाहेर नेणे ठरत नाही. अडचण उरते ती चढाची. १९९३ पासून आटपाडीत भरू लागलेल्या पाणी परिषदांनी समन्यायी वाटपाची मागणी लावून धरली. कराड तालुक्यातील टेंभू येथून कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून खानापूर, आटपाडी व सांगोल्याकडे नेणारी योजना त्यानंतर आकारास आली. उपशाला वीज लागते, विजेचे देयक भरावे लागते, आणि ते कोणी भरावे यावर आवर्तनाची नियमितता अवलंबून असते. निसर्गाची उणीव अशा प्रकारे कारभाराच्या दप्तरात येऊन पोहोचते.

यावरून हद्दी बदलाव्यात असा निष्कर्ष निघत नाही. नदीच्या रेषेवर हद्द आखली, तरी बाजारपेठा, रस्ते व न्यायालये यांचे संबंध तुटतील. मात्र तालुकावार आकडेवारीवर विसंबून दुष्काळाचा अभ्यास करणाऱ्याने वरचा माण आणि खालचा सांगोला हे दोन्ही तालुके आपल्या नकाशात घेणे अवश्य आहे. हद्द कागदावर संपते. ओढा पुढे वाहतच असतो.