एलिचपूरची अनाथशाळा आणि सरकारी सारा

मध्ययुगीन इस्लामी राज्यांत शिक्षणाचे वेगळे खाते नव्हते. त्यावरून शिक्षणाचा कारभारच नव्हता असे म्हणण्याची सवय आपल्याला लागली आहे. वऱ्हाडचा दाखला त्याच्या उलट आहे. अचलपूर, म्हणजे तेव्हाचे एलिचपूर, हे बहमनी राज्यात वऱ्हाड तरफेचे, म्हणजे प्रांताचे, ठाणे होते. दुसऱ्या मुहम्मदशहाच्या काळात (१३७८–१३९७) दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला. इतिहासकार फिरिश्ता लिहितो की सुलतानाने माळवा-गुजरातेतून धान्य आणायला स्वखर्चाने दहा हजार बैल लावले. शिवाय गुलबर्गा, बिदर, कंधार, एलिचपूर, दौलताबाद, चौल, दाभोळ अशा शहरांत अनाथ मुलांसाठी शाळा काढून त्यांना उत्पन्न लावून दिले. ही यादी सावकाश वाचावी. गुलबर्गा राजधानी, बिदर, एलिचपूर, दौलताबाद तरफांची ठाणी, चौल आणि दाभोळ बंदरे. जिथे सारा किंवा जकात गोळा होई आणि अंमलदार बसत, तिथेच शाळा निघाल्या. नुसता दानधर्मच करायचा असता तर दुष्काळाने होरपळलेली खेडी आधी आठवली असती. ही राज्यकारभाराची योजना होती असे मला ठामपणे वाटते.

फिरिश्तावर किती विसंबायचे, हा आक्षेप रास्त आहे. तो दोनशे वर्षांनी विजापुरात बसून लिहीत होता. या सुलतानाचे नावही त्याने महमूद असे दिले आणि ते पुढे नाण्यांवरून दुरुस्त करावे लागले. बैलांचा आकडा फुगवलेला असू शकतो. पण वऱ्हाड तोवर, १५९६ मध्ये, मोगलांकडे गेले होते. विजापूरच्या आश्रयाने लिहिणाऱ्याला एलिचपूरचे नाव यादीत घुसडून काय मिळणार होते?

खरा कारभार चाले तो इनामाच्या सनदेवर. शिक्षकाला दरमहा पगार देण्यापेक्षा जमीन किंवा गावाच्या साऱ्यातला वाटा तोडून देण्याची रीत होती. मोगली अमलात अशी मदद-ए-मआशची प्रकरणे सदर नावाचा अधिकारी पाहत असे. काय शिकवायचे यात सरकार फारसे पडत नसे, मात्र राज्य बदलले की सनद पुन्हा मंजूर करून घ्यावी लागे. पाठीराखा गेला की संस्थेचे बळही ओसरे. बिदरला १४७२ मध्ये भव्य मदरसा उभारणाऱ्या बहमनी वजीर महमूद गावानला तेव्हाच्या सुलतानाने १४८१ मध्ये ठार करवले. बहमनी राज्याचीही पुढे शकले झाली.

हे सारे मुसलमान मुलांपुरतेच होते, असा दुसरा आक्षेप येतो. मदरशांपुरता तो बराचसा खरा आहे. पण राज्याचा हिशेब ज्या कुलकर्णी-देशपांड्यांच्या हाती होता, त्यांची मुले मोडी आणि जमाखर्च घरीच वडीलधाऱ्यांच्या हाताखाली शिकत. त्यासाठी सरकारने शाळा काढली नाही, वतन दिले. म्हणजे शिक्षणाचा खर्च तिथेही साऱ्यातूनच निघाला. पद्धत एकच होती, पोसलेल्या विद्या दोन. साऱ्याचा मूळ भरणा करणाऱ्या कुणब्याच्या मुलामुलींना मात्र त्यातली एकही मिळाली नाही, आणि या व्यवस्थेवरचा सर्वांत जड आरोप माझ्या मते हाच आहे.