आल्टामाँटला त्या दिवशी काय घडलं

रॉक संगीताचा थोडाफार इतिहास वाचलेल्यांना आल्टामाँटची गोष्ट साधारण अशी ठाऊक असते. ऑगस्ट १९६९ मध्ये वुडस्टॉकला लाखो तरुण तीन-चार दिवस गुण्यागोविंदाने राहिले. डिसेंबरात कॅलिफोर्नियात रोलिंग स्टोन्सनी मोफत कार्यक्रम ठेवला आणि बंदोबस्ताला हेल्स एंजल्स ही मोटरसायकलवाल्यांची टोळी नेमली. मिक जॅगर सैतानाचं गाणं म्हणत असताना टोळीतल्या एकाने प्रेक्षकाला भोसकलं आणि त्या रात्री साठचं दशक संपलं. गोष्ट इतकी घोटीव आहे की खरीच वाटते. प्रत्यक्षात तिचा जवळजवळ प्रत्येक तुकडा चुकीचा आहे किंवा अर्धवट. तो प्रेक्षक म्हणजे मेरेडिथ हंटर, बर्कलीचा १८ वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा. एका युगाचा अंत सांगण्याच्या भरात त्याचं नावसुद्धा बहुतेकांच्या लक्षात राहिलेलं नाही, म्हणून ही गोष्ट नीट तपासायला हवी.

गाण्याचा समज सर्वांत पक्का आहे आणि खोडायला सर्वांत सोपा. ६ डिसेंबर १९६९ च्या त्या संध्याकाळी ‘सिम्पथी फॉर द डेव्हिल’ चालू असताना स्टेजसमोर मारामारी झाली, वादन थांबवावं लागलं, हे खरं आहे. पण हंटरवर वार झाले ते त्यानंतर, ‘अंडर माय थंब’ वाजत असताना. याला पुरावा कुणाच्या आठवणींचा नाही, कॅमेऱ्याचा आहे. अल्बर्ट आणि डेव्हिड मेझल्स हे बंधू स्टोन्सच्या दौऱ्यावर माहितीपट करत होते. शार्लट झ्वेरिन यांच्यासह त्यांनी केलेल्या ‘गिम्मी शेल्टर’ या १९७० च्या चित्रपटात ते काही क्षण दिसतात, आवाजासकट. तरीही सुरुवातीच्या बातम्यांमध्ये झालेली गाण्यांची गल्लत आजवर टिकून आहे. सैतानाला बोलावलं आणि सैतान आला, ही मांडणी लोकांना फार आवडली. सैतान आला म्हटलं की माणसांनी काय केलं हे विचारावं लागत नाही.

माणसांनी बरंच काही केलं होतं, आणि त्यातलं बहुतेक शनिवार उजाडण्याआधीच. त्या वर्षीच्या अमेरिका दौऱ्यात स्टोन्सच्या तिकिटांचे दर चढे असल्याची टीका होत होती. दौऱ्याच्या शेवटी एक मोफत कार्यक्रम करण्याची कल्पना पुढे आली; चित्रपटाला भव्य शेवटही हवाच होता. आधी सॅन फ्रान्सिस्कोचं गोल्डन गेट पार्क ठरत होतं, ते जमलं नाही. मग सिअर्स पॉइंट ही मोटारशर्यतींची जागा ठरली आणि तिथे स्टेजची उभारणीही सुरू झाली. पण जागेच्या मालक कंपनीशी पैसे आणि चित्रपटाचे हक्क यांवरून बोलणी फिसकटली. कार्यक्रमाला जेमतेम दोन दिवस उरले असताना ट्रेसी आणि लिव्हरमोर या गावांच्या मधल्या उजाड टेकड्यांतला आल्टामाँट स्पीडवे मिळाला. सामान रातोरात हलवावं लागलं.

माझ्या मते सगळ्या प्रकरणाची मेख इथे आहे. स्टेज बेतलं होतं सिअर्स पॉइंटसाठी. तिथे ते चढावाच्या वरच्या टोकाला येणार होतं, म्हणजे प्रेक्षक खाली, वादक वर. त्यामुळे उंची साधारण एक मीटरच ठेवलेली होती आणि तेवढी पुरेशी होती. आल्टामाँटला तेच स्टेज उताराच्या तळाशी आलं. वर बसलेल्या अफाट गर्दीचा सगळा भार उतारावरून खाली, थेट स्टेजच्या कडेवर येऊ लागला. मध्ये भक्कम कठडा नाही. उंच स्टेज बांधायला वेळ नाही. सुमारे तीन लाख लोक आले. संडास तोकडे, वैद्यकीय मदत तोकडी, पोलीस नगण्य. जत्रा भरवणारा कुणीही गावकरी सांगेल की माणसं उताराच्या तळाशी साठतात. हे ज्यांनी बघायला हवं होतं, ते त्या दोन दिवसांत ट्रकमधून लाकूड आणि लोखंड हलवत होते.

एंजल्सना ‘सुरक्षारक्षक म्हणून नेमलं’ हेही तितकं सरळ नाही. पाचशे डॉलरची बिअर त्यांना दिली गेली, एवढ्यावर सगळ्यांचं एकमत आहे. ती कशाबद्दल, यावर मात्र नाही. टोळीचा म्होरक्या सनी बार्जर आणि स्टोन्सचा दौरा व्यवस्थापक सॅम कटलर, दोघांचंही म्हणणं होतं की पोलिसी काम ठरलंच नव्हतं. स्टेजपाशी बसायचं आणि कुणाला वर चढू द्यायचं नाही, इतकंच. ग्रेटफुल डेड या बँडच्या वर्तुळाशी एंजल्सची जुनी ओळख होती आणि सॅन फ्रान्सिस्कोतल्या कार्यक्रमांना ते येत असत. स्टोन्सचा अनुभव वेगळा होता. त्याच वर्षीच्या जुलैत लंडनच्या हाइड पार्कमध्ये त्यांच्या कार्यक्रमाला हेल्स एंजल्सचा वेश केलेल्या इंग्लिश पोरांनी स्वयंसेवकांचं काम केलं होतं, आणि ते सुरळीत पार पडलं होतं. कॅलिफोर्नियाची टोळी हे निराळंच प्रकरण होतं. लेखी करार नाही, जबाबदार अधिकारी नाही, दिवसभर दारू, आणि अंगावर येणारी गर्दी रोखायला बिलियर्डच्या काठ्या. दुपारी जेफरसन एअरप्लेन या बँडचा गायक मार्टी बॅलिन भांडणात पडला तर त्यालाच बेशुद्ध होईपर्यंत मारलं. ते ऐकून ग्रेटफुल डेड न वाजवताच परत गेले. एंजल्सची बाजू घेण्यासाठी मी हे सांगत नाही. काठ्या त्यांच्याच हातात होत्या. पण त्यांना त्या जागी बसवणारे हात दुसऱ्यांचे होते, आणि दंतकथेत ते दिसत नाहीत.

त्या दिवशी एकच माणूस मेला असंही अनेकांना वाटतं. मृत्यू चार झाले. दोघांना एका मोटारीने चिरडलं आणि चालक पळून गेला, एक जण कालव्यात बुडाला. उलट वुडस्टॉकही मृत्यूंवाचून पार पडलं नव्हतं: तिथे एक जण हेरॉइनने गेला आणि झोपेत असलेला एक मुलगा ट्रॅक्टरखाली सापडला.

आता साठच्या दशकाचा अंत. शॅरन टेट खून म्हणून जगाला माहीत असलेलं मॅन्सन टोळीचं हत्याकांड वुडस्टॉकच्या आठवडाभर आधी घडलं होतं. निरागसपणा डिसेंबरपर्यंत शाबूत होता म्हणणं कठीण आहे. आणि आल्टामाँटच्याच आठवड्यात, १ डिसेंबरला, व्हिएतनामच्या युद्धावर कुणाला पाठवायचं यासाठी जन्मतारखांच्या चिठ्ठ्या काढल्या गेल्या. ४ डिसेंबरला शिकागोत पोलिसांच्या छाप्यात ब्लॅक पँथर नेता फ्रेड हॅम्प्टन मारला गेला, वय २१. तरुणांचं स्वप्न कुठे मोडलं हे शोधायचंच असेल, तर या तारखा एका मैफलीपेक्षा जास्त बोलक्या आहेत. मोठ्या मैफलीही थांबल्या नाहीत. १९७३ च्या जुलैत न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटकिन्स ग्लेनला सुमारे सहा लाख लोक जमले, आणि तिथे वाजवणाऱ्यांत ग्रेटफुल डेड होते.

राहिला हंटर. त्याच्याबद्दल दोन टोकांचे समज आहेत: एक, तो जॅगरला मारायला आला होता, दुसरा, तो निःशस्त्र होता. जॅगरला मारण्याचा त्याचा बेत होता असं काहीही सिद्ध झालेलं नाही. स्टेजजवळ एंजल्सशी त्याची आधी झटापट झाली, त्याला मारहाण झाली, आणि मग त्याने पिस्तूल बाहेर काढलं. चित्रपटात त्याचा हिरवट सूट आणि हातातलं पिस्तूल दिसतं. अ‍ॅलन पासारो या एंजलने त्याला भोसकलं, त्यानंतर इतरांनी जमिनीवर पडलेल्याला तुडवलं. पासारोवर खटला चालला, ज्यूरीला ते चित्रण दाखवलं गेलं, आणि १९७१ च्या जानेवारीत स्वसंरक्षणाच्या कारणावर तो निर्दोष सुटला. दुसरा कुणी मारेकरी होता का, हा संशय पुढे रेंगाळला. २००५ मध्ये स्थानिक शेरीफच्या कार्यालयाने तो फेटाळून प्रकरण बंद केलं. पण वारांचा निकाल लागला म्हणजे लाथांचा लागला असं नाही. लाथांसाठी कुणालाच शिक्षा झाली नाही.

जॅगर डोळ्यांदेखत खून पाहून गात राहिला, हा आरोपही टिकत नाही. अंधार पडला होता. समोर झोंबाझोंबी चालू आहे इतकंच स्टेजवरून कळत होतं, आणि तो पुन्हा पुन्हा शांत राहण्याची विनवणी करत होता. ते चित्रण तो नंतर संकलनाच्या टेबलावर पाहतो, हा प्रसंग चित्रपटातच आहे.

हंटरच्या कबरीवर कित्येक दशकं नावाचा दगडही नव्हता. सॅम ग्रीन यांनी २००६ मध्ये त्या बेनाम कबरीवर लघुपट केला, त्यानंतर लोकांनी पैसे पाठवले आणि दगड बसला. त्याच्या आईने मात्र मैफलीनंतर लवकरच स्थानिक प्रशासनाकडे एक मागणी केली होती: त्या शर्यतीच्या जागेचं तरुणांसाठी सार्वजनिक उद्यान करा. प्रशासनाने प्रेक्षकसंख्येवर मर्यादा घातली आणि शर्यती चालू ठेवल्या.