कूलरच्या मुलखातून जपानच्या झडीत

जपानला निघालेल्या लेकाच्या बॅगेत खान्देशातली आई काय काय कोंबते? थर्मल, स्वेटर, कानटोपी, कळण्याचं पीठ, उडदाचे पापड, बिबड्या, काळा मसाला. थंडीची धास्ती सगळ्या घराला असते, जूनची कोणालाच नसते. पाऊस काय आपण पाहिला नाही का, एक छत्री घेतली की झालं, असा हिशेब. मग पहिल्याच जुलैत कपाट उघडावं तर लग्नातल्या कोटाच्या खांद्यावर बुरशी, चामडी बुटांवर हिरवट लव आणि बिबड्या पार सादळलेल्या.

जपानच्या या पावसाळ्याला त्सुयू म्हणतात. ओकिनावात तो मेच्या दुसऱ्या आठवड्यात लागतो. टोकियो आणि भोवतालच्या कांतो भागात सरासरीने 7 जूनच्या सुमारास सुरू होऊन 19 जुलैच्या आसपास संपतो. उत्तरेच्या होक्काइडोला मात्र अधिकृतपणे त्सुयू नाहीच. जपानची हवामान संस्था प्रत्येक विभागासाठी तो लागल्याचं आणि उठल्याचं जाहीर करते, आणि पुढे सगळी नोंद तपासून गरज पडल्यास त्या तारखा शांतपणे बदलतेही. आपल्याकडे मान्सूनची तारीख चार दिवस हुकली तर पारावर वर्षभर चर्चा पुरते!

हा पाऊस पडतो तो दोन हवांच्या अडवाअडवीमुळे. उत्तरेला ओखोत्स्क समुद्रावरची गार, ओलसर हवा आणि दक्षिणेला पॅसिफिकवरची उबदार, दमट हवा. दोघींच्या सीमेवर ढगांचा लांबलचक पट्टा तयार होतो आणि आठवडेच्या आठवडे तिथेच घुटमळतो. हाच पट्टा चीनमध्ये मेइयू आणि कोरियात जांगमा या नावाने ओळखला जातो. त्याला लागणारी वाफ नैऋत्येकडूनही येते, म्हणजे आपल्या मान्सूनशी त्याचं दूरचं नातं आहेच. जुलैत पॅसिफिकच्या हवेचा जोर वाढला की पट्टा उत्तरेकडे रेटला जातो आणि एकदम रणरणतं ऊन पडतं.

आता आकडे पाहा. टोकियोत जूनमध्ये सरासरी 168 मिलिमीटर पाऊस पडतो, जुलैत 156. हे आकडे ऐकून जळगावचा माणूस घाबरणार नाही, कारण जळगावचा जुलैही यापेक्षा कोरडा नसतो. टोकियोचा सगळ्यात जास्त पाऊस तर त्सुयूत पडतच नाही. तो सप्टेंबर-ऑक्टोबरात, वादळांच्या दिवसांत पडतो. मग त्सुयूचा एवढा जाच का?

आपला पाऊस पडतो आणि जातो. सह्याद्री ओलांडून तापीच्या खोऱ्यात येईपर्यंत ढगांतलं बरंचसं पाणी पश्चिमेलाच सांडलेलं असतं. तासभर धो-धो कोसळतो, मग ऊन पडतं, काळी माती वाफाळते. पंधरा-पंधरा दिवसांची उघडीप तर नेहमीचीच. झड लागली तरी दोन-तीन दिवसांची, आणि ती लागावी म्हणूनच शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो. त्सुयूत पाऊस थोडा थोडा पडतो, पण आभाळ उघडतच नाही. हवेत सरासरी 75 टक्क्यांच्या घरात आर्द्रता, आणि वाळवायला ऊन नाही. छत्रीने पाऊस अडतो, ही ओल अडत नाही. ती घरात येऊन राहते, म्हणून तिचा बंदोबस्तही घरातच करावा लागतो.

इथे खान्देशी अनुभव उलटा पडतो. जळगावात पारा 45 वर गेला की आपण कूलरचं नवं गवत बसवतो, पाणी भरतो आणि खिडकी उघडी ठेवून निवांत झोपतो. हवा कोरडी असते, पाणी झपाट्याने उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. त्सुयूच्या हवेत आधीच इतकी वाफ असते की कूलर लावला तर गारवा नगण्य आणि खोलीचं मात्र न्हाणीघर. अंगावरचा घामही याच कारणाने वाळत नाही. म्हणून 45 अंश सोसलेला माणूस टोकियोच्या 32 अंशांत हैराण होतो, आणि ‘आम्हाला उन्हाची सवय आहे’ हा तोरा उन्हाळी आजाराला आमंत्रण ठरतो. त्सुयू उठल्यानंतरचे पहिले काही दिवस उष्माघाताच्या दृष्टीने जास्त धोक्याचे असतात, कारण शरीराला त्या उन्हाची सवय झालेली नसते.

कूलरऐवजी कामाला येतो एसीच्या रिमोटवरचा वाफ काढण्याचा मोड. एसीतली नळी थंड असते, तिच्यावर हवेतल्या वाफेचं पाणी होतं आणि ते नळीवाटे बाहेर जातं. तापमान फारसं न उतरताही खोली हलकी वाटते. त्सुयू असेपर्यंत तो रोज काही तास चालवावा लागतो. विजेचं बिल येतं, पण कोट आणि गाद्या टाकून देण्यापेक्षा ते स्वस्त. शे-दोनशे येनचा छोटा आर्द्रतामापक भिंतीवर लावावा आणि काटा 60 च्या खाली राहील असं पाहावं. त्याच्या वर गेला की बुरशी आणि धुळीतले माइट दोघांचीही चंगळ.

दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. जपानात जुलै 2003 पासून नव्या घरांना चोवीस तास हवा खेळती ठेवणारी यंत्रणा बसवणं कायद्याने बंधनकारक आहे. न्हाणीघरात किंवा भिंतीत तिचा पंखा घरघरत असतो. वीज वाचवायची म्हणून आपली मंडळी पहिल्याच आठवड्यात त्याचं बटण बंद करतात. महिनाभर कोंडलेल्या घरात मग भिंतीच्या कागदामागे काळे डाग पडतात, आणि भाडेकरूच्या हलगर्जीपणाने बुरशी झाली असं ठरलं तर घर सोडताना तो खर्च अनामत रकमेतून वळता होतो. ते बटण बंद करू नका.

जमिनीवर गादी टाकून झोपणं आपल्याला परकं नाही, जपान्यांनाही नाही. पण ते सकाळी गादी उचलतात. रात्रभरचा घाम गादीतून खाली उतरतो आणि लाकडी जमिनीशी अडकून बसतो. आठ दिवस गादी तशीच राहिली तर खालची बाजू ठिपक्या-ठिपक्यांची होते. गादीखाली टाकायच्या लाकडी पट्ट्यांच्या जाळ्या तिथे स्वस्तात मिळतात. कपाटात ठेवायचे कॅल्शियम क्लोराइडचे डबेही मिळतात. आतले पांढरे दाणे हवेतलं पाणी शोषतात आणि काही आठवड्यांत डबा पाण्याने भरतो. तो भरलेला डबा पाहिला की कोटाचं काय झालं असतं ते न सांगता कळतं.

धुणं हा त्सुयूतला सगळ्यात मोठा वैताग. खोलीत दोरी बांधून कपडे वाळत घातले की त्यांतलं लिटर-दोन लिटर पाणी खोलीच्याच हवेत जातं. वर कपड्यांना तो कुबट वास, जो कपडे परत धुतले तरी जात नाही. जपानच्या काओ कंपनीच्या संशोधकांनी 2012 मध्ये दाखवून दिलं की या वासामागे मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा जिवाणू आहे. कपडे ओले राहतील तितका वेळ तो वाढत राहतो, म्हणून साबण बदलून उपयोग होत नाही. कपडे लवकर वाळायला हवेत. दोन कपड्यांत वीतभर अंतर, खालून पंखा आणि न्हाणीघरात वाळवणयंत्र असेल तर दार लावून तिथेच. नसेल तर कोपऱ्यावरच्या नाणी टाकायच्या धुलाईकेंद्रात अर्ध्या तासात काम होतं.

कळण्याच्या पिठाचं काय? ते सरळ फ्रिजमध्ये. उघडं पाकीट ओट्यावर राहिलं तर त्यात डोळ्यांना न दिसणारे माइट वाढतात. अशा पिठाचे पदार्थ खाऊन तीव्र ॲलर्जी झाल्याच्या घटना जपानी डॉक्टरांनी नोंदवल्या आहेत. भाजूनही तो धोका जात नाही. पापड-बिबड्या घट्ट झाकणाच्या डब्यात. आपण वाळवण एप्रिल-मेत उरकतो, पावसाच्या आधी. जपानी घरात उमे नावाची आंबट फळं जूनमध्ये मिठात मुरवतात, त्सुयू उठेपर्यंत बरणीत ठेवतात आणि मग जुलैअखेरच्या कडक उन्हात तीन दिवस वाळवतात. त्यांचं वाळवण पावसानंतरचं. खान्देशी सुनेने शेजारच्या आजींकडून ते शिकून घ्यायला हरकत नाही, आपल्या लोणच्याला ते नातेवाईक शोभेल.

तिथली मुलं पाऊस थांबावा म्हणून खिडकीत पांढऱ्या कापडाची बाहुली टांगतात, आपल्याकडे पाऊस यावा म्हणून धोंडी काढतात. पाणी आणायचं आणि धरून ठेवायचं, यात खान्देशचं डोकं तयार आहे. पांझरेवरची फड पद्धत घ्या, किंवा भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी नाले खोल-रुंद करून उभा केलेला शिरपूर पॅटर्न घ्या. पाणी बाहेर काढण्याचं शास्त्र मात्र टोकियोकडून शिकावं. शेजारच्या साइतामा प्रांतात छोट्या नद्यांचा पूर पोटात घेऊन एदो नदीत सोडणारा 6.3 किलोमीटरचा भुयारी मार्ग 2006 मध्ये पूर्ण झाला.

आणि हे शास्त्र लागतं, कारण टोकियोतली आपली बरीच माणसं नेमकी सखल भागात राहतात. 2000 च्या सुमारास संगणक अभियंते आले ते एदोगावा विभागातल्या निशिकासाईत स्थिरावले. याच विभागातून 2019 मध्ये योगेंद्र पुराणिक हा मराठी माणूस नगरसभेवर निवडून आला. त्याच वर्षी विभागाने पुराचा नवा नकाशा घरोघर वाटला. त्यात एदोगावाच्या जमिनीवर ठळक अक्षरांत छापलं होतं की इथे राहू नका. अर्थ असा की मोठा पूर येणार असेल तेव्हा विभाग सोडून बाहेर जा. विभागाची सुमारे 70 टक्के जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. त्याच ऑक्टोबरात हागिबिस वादळ आलं आणि तिथे लाखो लोकांना स्थलांतराची सूचना द्यावी लागली.

1872 च्या पुरात पांझरेने धुळ्यातली शेकडो घरं नेली, हे आपल्या गॅझेटियरमध्ये आहे, तरी नदीकाठच्या घराचं भाडं ठरवताना कोणी ते उघडत नाही. तिकडे ही सवय बदला. मुलगा किंवा मुलगी टोकियोत घर बघत असेल तर स्टेशन किती मिनिटांवर आणि भाडं किती, याच्या आधी एक प्रश्न विचारायला सांगा: पुराच्या नकाशात ही इमारत कुठे येते? नकाशा विभागाच्या कार्यालयात मिळतो, आणि जूनच्या आधीच मागून घ्यावा.