दाताला कॅप कसली बसवाल?

गेल्या डिसेंबरात आमची रूम पाचगणीला गेली होती. टेबललँडवर भटकून खाली आलो, चिक्कीचं पाकीट फोडलं आणि पहिल्याच घासाला दाढेतून 'कट्' असा आवाज. दाढेचा तुकडा हातात! चार महिन्यांपूर्वी तिचं रूट कॅनाल झालं होतं. डॉक्टरांनी कॅप बसवायला सांगितली होती. पण ठणका थांबलेला, खिसा रिकामा, म्हणून 'सेमिस्टर संपल्यावर बघू' झालं. टेबललँडच्या डोक्यावर निदान जांभ्या दगडाची कठीण टोपी आहे, माझी दाढ मात्र उघडीच!

मित्रांनो, रूट कॅनाल झालेली दाढ दुखत नाही, पण आतून पोखरलेली असते. चावताना तिच्या उरलेल्या भिंती बाहेर फाकतात. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते ना, तसं कॅप त्यांना आवळून धरते. जोरात चावलं तर दाढेवर 500 न्यूटनपर्यंत बल सहज येतं, म्हणजे सिमेंटचं 50 किलोचं पोतंच!

मग कॅप कसली घ्यायची? निकेल-क्रोमची धातूची कॅप स्वस्त. ती पातळ चालते, त्यामुळे दाढ कमी घासावी लागते, आणि सहसा फुटत नाही. चंदेरी दिसते, पण मागच्या दाढेकडे कोण बघतंय? फक्त घड्याळाच्या पट्ट्याने किंवा खोट्या दागिन्यांनी पुरळ येत असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, निकेलची ॲलर्जी असू शकते.

धातूवर पोर्सेलिन चढवलेली कॅप म्हणजे थर्मल एक्सपान्शनचा धडा. धातू पोर्सेलिनपेक्षा किंचित जास्त प्रसरण पावणारा निवडतात. भट्टीतून काढल्यावर तो जास्त आकसतो आणि पोर्सेलिन दाबाखाली राहतं. सिरॅमिकला दाब सोसतो, ताण नाही. तरी कधीकधी टवका उडतो, आणि काही वर्षांनी हिरडीजवळ काळसर रेघ दिसू शकते.

झिरकोनियाची गंमत वेगळी. त्यात थोडं यिट्रिया मिसळलेलं असतं. भेग पडू लागली की तिच्या टोकाशी असलेले कण स्फटिकरचना बदलून साधारण 4 टक्के फुगतात आणि भेगेला दाबून धरतात. 1975 साली गार्वी आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये याला 'सिरॅमिक स्टील' म्हटलं, तेही प्रश्नचिन्ह टाकून! झिरकोनियाने समोरचा दात झिजतो अशी भीती घालतात. खरं तर नीट पॉलिश केलेला झिरकोनिया पोर्सेलिनपेक्षा कमी झिजवतो. चाव जुळवताना कॅप घासली, तर पुन्हा पॉलिश करायला मात्र जरूर सांगा. पुढच्या दातांना लिथियम डायसिलिकेट शोभतं. ताकद कमी, पण उजेड आरपार जात असल्याने खऱ्या दातासारखं दिसतं.

आणि हो, कॅपला कीड लागत नाही, तिच्या कडेशी दाताला लागते. ब्रश सुटत नाही!

माझी चीर हिरडीच्या वरच थांबली होती. मुळापर्यंत गेली असती तर दाढच काढावी लागली असती, असं डॉक्टर म्हणाले. मी धातूचीच कॅप घेतली. हसताना दिसत नाही, जांभई दिली की रूममेट ओरडतो, "चांदी झाली रे तुझी!"