बाबांच्या गाडीला मोतीबिंदू झालाय!

पिवळट, धुरकट हेडलाइट लगेच बदलायची गरज नसते. एक रविवार, बादलीभर पाणी, चार नंबरचे वॉटर पेपर आणि तुमचे दोन हात एवढं पुरतं.

अकोल्यातलं लग्न आटोपून तुम्ही घरच्या गाडीनं अमरावतीला निघालात. मूर्तिजापूर मागे पडलं, अंधार दाटला. रस्ता तर एक नंबर! जून २०२२ मध्ये याच अमरावती-अकोला मार्गावर ७५ किलोमीटरची डांबरी लेन १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला होता. गाडी ऐंशीवर आहे, पण बाबा स्टिअरिंगला चिकटून, डोळे बारीक करून समोर पाहताहेत. 'लाइट लावलाय ना?' असं आईनं दोनदा विचारून झालंय. लाइट लागलेलाच आहे, फक्त तो रस्त्यापर्यंत पोहोचत नाहीये.

गाडी दहा-बारा वर्षांची असेल तर उद्या सकाळी तिच्या डोळ्यांत डोळे घालून बघा. काच पिवळी पडलीय, वर साय धरल्यासारखा थर आलाय. हा गाडीचा मोतीबिंदू. आणि त्याचं ऑपरेशन तुम्ही घरच्या अंगणात करू शकता.

काच नव्हेच ती!

आजोबांच्या काळातल्या अ‍ॅम्बेसेडर आणि फियाटचे गोल दिवे खऱ्या काचेचे होते. दगड लागला की फुटायचे, पण पिवळे पडत नसत. आजच्या गाड्यांची 'काच' म्हणजे पॉलिकार्बोनेट नावाचं प्लास्टिक. १९५३ मध्ये जर्मनीत आणि अमेरिकेत दोन कंपन्यांच्या शास्त्रज्ञांनी ते वेगवेगळं शोधून काढलं. वजनाला हलकं, हवा तसा आकार घेणारं आणि सहजासहजी न फुटणारं. १९८० च्या दशकात ते हेडलाइटमध्ये आलं आणि पुढे जगभर पसरलं.

पण या प्लास्टिकला ऊन सोसत नाही. उन्हातले अतिनील किरण त्याच्या रेणूंची साखळी तोडतात, मग ते पिवळं पडतं. म्हणून कंपनी त्यावर एक पातळ, पारदर्शक संरक्षक थर देते. काही वर्षांत तोच थर ऊन, धूळ आणि कोरड्या फडक्यानं पुसापुशी यामुळे झिजतो, सोलतो. आता आपल्याकडचा मे महिना आठवा. पारा पंचेचाळीसच्या पुढे आणि गाडी दिवसभर बिनसावलीच्या पार्किंगमध्ये. तुम्ही स्कार्फ बांधता, गॉगल लावता. त्या बिचाऱ्या हेडलाइटनं काय करावं?

फरक किती पडतो?

अमेरिकेतल्या 'ट्रिपल ए' या वाहनधारकांच्या संस्थेनं २०१८ मध्ये चाचणी केली. खूप खराब झालेल्या हेडलाइटमधून डिपरवर नव्याच्या तुलनेत जेमतेम २२ टक्के प्रकाश बाहेर पडत होता. घासून-पुसून दुरुस्त केल्यावर तो साधारण ७० टक्क्यांपर्यंत आला.

आता हिशेब करा. ऐंशीच्या वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. समोरचं दिसून ब्रेक लागेपर्यंत आणि गाडी पूर्ण थांबेपर्यंत साठ-सत्तर मीटर सहज लागतात. आणि आपल्या रस्त्यांवर समोर काय येऊ शकतं, हे वऱ्हाडातल्या पोराला सांगायला नको. कापसानं भरलेली, मागे रिफ्लेक्टर नसलेली बंडी. पऱ्हाटी लादलेली ट्रॅक्टरची ट्रॉली. शेतातून अचानक उडी मारणारा रोही. ते वेळेत दिसलं तरच ब्रेकचा उपयोग.

आधी ही परीक्षा

हेडलाइटवर पाणी मारा. ओली असताना काच स्वच्छ दिसली आणि वाळल्यावर पुन्हा धुरकट झाली, तर खराबी बाहेरच्या बाजूला आहे. तुमचं काम होणार! ओली असतानाही धुरकटच दिसली किंवा आत पाण्याचे थेंब असतील, तर बाहेरून घासून उपयोग नाही. आतपर्यंत बारीक तडे गेले असतील तर नवा हेडलाइटच बघा.

चला, कामाला लागा

सामान साधं आहे: १०००, १५००, २००० आणि ३००० नंबरचे वॉटर पेपर, मास्किंग टेप, रबिंग कंपाउंड, मऊ मायक्रोफायबर कापड आणि हेडलाइटसाठीचं यूव्ही कोटिंग. पेपर आणि टेप हार्डवेअर किंवा पेंटच्या दुकानात मिळतील, बाकीचं गाड्यांच्या अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात.

१. सकाळी लवकर, सावलीत काम सुरू करा. हेडलाइट शाम्पूच्या पाण्यानं धुवा. भोवतीच्या रंगावर मास्किंग टेपचे दोन थर लावा. हे टाळलं तर गाडीचा रंग घासला जाईल आणि बाबांचा पारा अकोल्याच्या पुढे जाईल.

२. पेपर अर्धा तास पाण्यात भिजवा. १००० नंबरनं आडवं घासायला लागा, पाणी सतत सोडत राहा. सुरुवातीला पिवळं पाणी गळेल. तो मेलेला थर आहे. पाणी पांढरं होईपर्यंत आणि सगळी काच सारखी मंद दिसेपर्यंत थांबू नका.

३. या टप्प्यावर काच आधीपेक्षा वाईट दिसते. घाबरू नका राजेहो, इथंच बहुतेक जण काम सोडतात. आता १५०० नं उभं, २००० नं आडवं, ३००० नं पुन्हा उभं घासा. आधीच्या नंबरच्या रेघा पुढचा नंबर मिटवतो. मधला नंबर गाळला तर रेघा रात्री उजेडात दिसतात.

४. पुसून कोरडी करा. कापडावर थोडं रबिंग कंपाउंड घेऊन गोल-गोल घासा. आता काच हळूहळू उघडेल.

५. शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे यूव्ही कोटिंग. जुना थर तुम्ही काढून टाकलाय, म्हणजे प्लास्टिक आता उघडं पडलंय. कोटिंग न देता सोडलं तर काही महिन्यांत पुन्हा पिवळं होईल. पुसून लावायचं कोटिंग नवख्यांना सोपं. दोन पातळ हात द्या आणि डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ वाळू द्या. दोन घटक मिसळून मारायचा स्प्रे जास्त टिकतो, पण त्याची वाफ फुप्फुसांना घातक असते. ते काम योग्य मास्क असलेल्या पेंटरकडूनच करून घ्या.

रील बघून फसू नका

टूथपेस्टचा जुगाड खोटा नाही, पण अर्धवट आहे. पेस्टमधले बारीक कण वरचा थर थोडा घासतात, संरक्षण काहीच देत नाहीत. डास पळवणारा स्प्रे मारला की काच क्षणात चमकते, कारण त्यातलं रसायन प्लास्टिकचा वरचा थर विरघळवतं. ही चमक टिकत नाही आणि नुकसान मागे उरतं. पेट्रोल आणि थिनर तर लांबच ठेवा, त्यांनी या प्लास्टिकला तडे जातात.

आणखी एक चूक म्हणजे धुरकट काचेमागे जास्त पॉवरचा बल्ब किंवा एलईडी टाकणं. धुरकट थर प्रकाश चहूकडे फेकतो. तुम्हाला रस्ता दिसत नाहीच, वर समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. आधी काच स्वच्छ करा, मग बल्बचं बघा.

काम झाल्यावर रात्री गाडी भिंतीसमोर उभी करा आणि दोन्ही दिव्यांचा झोत सारख्या उंचीवर पडतोय का, ते पाहा. वाकडा असेल तर गॅरेजमध्ये सेट करून घ्या. तुमच्या स्कूटीच्या किंवा बाईकच्या हेडलाइटची काचही बहुधा प्लास्टिकचीच असते. एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींचा दिवा तर इंजिनसोबत कायम सुरूच असतो. हात बसवायचा असेल तर सुरुवात तिथूनच करा.

आपण गाडगेबाबांच्या मुलखातले. हातात खराटा घ्यायची लाज आपल्याला कधी नव्हती, मग वॉटर पेपरची का असावी? या रविवारी दोन-तीन तास काढा. पुढच्या वेळी मूर्तिजापूरजवळ अंधार पडेल तेव्हा बाबा सीटला पाठ टेकून गाडी चालवत असतील. आणि रस्त्याच्या कडेची ती बंडी त्यांना लांबूनच दिसलेली असेल.