‘स्वारगेटला भेटू, डिस्क घेऊन ये’

जीटीए सिक्ससाठी पैसे साठवायला घेतलेत? मग नवा कन्सोल घेण्याआधी डिस्क आणि डाउनलोड यांचा हिशोब एकदा मांडून बघा.

१९ नोव्हेंबर २०२६. ही तारीख सध्या कित्येकांना परीक्षेच्या वेळापत्रकापेक्षा जास्त पाठ आहे. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो सिक्स’ आधी २०२५ मध्ये येणार होती, मग २६ मे २०२६ ठरली, आणि आता रॉकस्टारने नोव्हेंबर सांगितलाय. आधीचा भाग आला सप्टेंबर २०१३ मध्ये. तेव्हा तिसरी-चौथीत असलेली पोरं आता डिग्री संपवायला आलीत. एवढी वाट बघून गेम जाहीर झालीय ती पीएस फाइव्ह आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स-एससाठी. म्हणजे लॅपटॉपवर भागवणाऱ्यांपैकी बरेच जण यंदा पहिल्यांदा कन्सोल घेणार. कुणी दिवाळीच्या पैशांतून, कुणी इंटर्नशिपच्या स्टायपेंडमधून, कुणी रूममेट्सबरोबर कॉन्ट्री काढून.

आणि दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न येणार तो हा: डिस्क ड्राइव्हवाला हवा की डिजिटल?

पीएस फाइव्ह स्लिम एप्रिल २०२४ मध्ये आपल्याकडे आला तेव्हा डिस्कवाल्याची किंमत ५४,९९० रुपये होती आणि डिजिटलची ४४,९९०. सरळ दहा हजारांचा फरक. एक्सबॉक्स सिरीज एस आणखी सुटसुटीत, पण त्याला डिस्कची फटच नाही. विद्यार्थ्याच्या बजेटमध्ये दहा हजार म्हणजे दोन-तीन महिन्यांची मेस. त्यामुळे हात आपोआप डिजिटलकडे जातो. माझं म्हणणं एवढंच की थोडं थांबा. त्या दहा हजारांत काय मिळतं ते आधी बघू.

स्वारगेटचा बाजार

पुण्यात जुन्या गेम्सचा सौदा ठरतो ओएलएक्सवर किंवा कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, आणि मग हमखास मेसेज येतो, ‘स्वारगेटला भेटू’. कारण उघड आहे. पिंपरीचा पोरगा मेट्रोने थेट येतो (२९ सप्टेंबर २०२४ पासून ती सोय झाली), कात्रज-धनकवडीची मंडळी पीएमपीने येतात, आणि सातारा, सांगली, सोलापूरकडे निघालेल्यांची एसटी तर इथूनच सुटते. शनिवारी गावी जाणारा कुणी संपवलेली गेम विकून तिकिटाचे पैसे काढतो. घेणारा डबी उघडतो, मोबाइलचा टॉर्च डिस्कवर तिरका मारून ओरखडे बघतो, जीपे करतो. पाच मिनिटांत काम फत्ते.

यात नवल काहीच नाही. अप्पा बळवंत चौकात आपण दर वर्षी हेच करतो. सीनियरने वापरलेलं इंजिनीअरिंगचं पुस्तक अर्ध्या किमतीत घ्यायचं, सेमिस्टर संपली की पुढच्याला द्यायचं. पुस्तक एकच, शिकून निघतात चार जण.

गेम्सचंही आपल्याकडे पहिल्यापासून असंच चाललंय. आपल्या दादा-ताईच्या लहानपणी टीव्हीला जोडायचा ‘व्हिडिओगेम’ होता, त्यात घालायची ती ‘कॅसेट’. मारिओ आणि कॉन्ट्राच्या कॅसेटी वाड्यात, सोसायटीत फिरायच्या. चालली नाही की फुंकर मारायची. पुढे पीएस टू आला. त्याच काळात भारतीय बनावटीच्या गेम्सही आल्या: हैदराबादच्या स्टुडिओने केलेली ‘हनुमान: बॉय वॉरियर’, आणि विटीदांडू-कबड्डी खेळायला लावणारी ‘देसी अड्डा’. फार थोड्या घरांत विकत घेतलेल्या गेम्सची रांग असायची. बहुतेकांकडे दोन-चारच असत, बाकीच्या मित्रांकडून यायच्या. कन्सोल गेमिंग आपल्याकडे टिकलं ते या अदलाबदलीवर.

साधा हिशोब

नवी मोठी गेम आज पाच हजारांच्या आसपास जाते. समजा तुम्ही डिस्क पाच हजारांना घेतली, महिनाभरात संपवली आणि साडेतीन हजारांना विकली. तुमचा खरा खर्च दीड हजार. तुमच्याकडून घेणाऱ्याने ती अडीच हजारांना पुढे दिली, तर त्याचा खर्च एक हजार. आता हीच गेम डाउनलोड केली तर? ती तुमच्या अकाउंटला कायमची चिकटली. विकता येत नाही, वाढदिवसाला कुणाला देता येत नाही, गावी जाताना बॅगेत टाकून भावाकडे नेता येत नाही. वर्षाला तीन मोठ्या गेम्स जरी अशा फिरवल्या, तरी वरचे दहा हजार साधारण वर्षात वसूल होतात.

दुसरी बाजूही खरी आहे. डिजिटल सेलमध्ये जुन्या गेम्स निम्म्याहून कमी किमतीत मिळतात, आणि ज्याला थांबता येतं त्याचा फायदा होतो. महिन्याच्या सबस्क्रिप्शनमध्येही बरंच खेळायला मिळतं. पण भाडं शेवटी घरमालक ठरवतो. एक्सबॉक्स गेम पास अल्टिमेट गेल्या ऑक्टोबरमध्ये महिना ८२९ रुपयांवरून एकदम १,३८९ वर गेला. भाडं थांबलं की कपाट रिकामं.

कुठली फिरवायची, कुठली ठेवायची?

गेल्या वर्षभरात गाजलेल्या गेम्सकडे या नजरेने बघितलं तर चित्र मजेशीर दिसतं.

‘घोस्ट ऑफ योतेई’ (ऑक्टोबर २०२५) ही डिस्कवर घ्यायची गेम. १६०३ सालचा जपानचा उत्तरेकडचा मुलूख, कुटुंबाचा सूड घ्यायला निघालेली आत्सु, आणि वाऱ्यावर डोलणारं गवत बघण्यात जाणारे तासन् तास. गोष्ट एकदा संपली की संपली. अशी डिस्क लगेच विकली जाते, कारण रांगेत पुढचा उभाच असतो.

‘क्लेअर ऑब्स्क्युर: एक्स्पिडिशन ३३’ (एप्रिल २०२५) ही मात्र मी विकणार नाही. एक बाई दर वर्षी एक आकडा रंगवते आणि त्या वयाची सगळी माणसं नाहीशी होतात. ही कल्पना ऐकूनच काटा येतो. आळीपाळीने वार करायची पद्धत जुनी, पण ऐन क्षणी बटण दाबून वार परतवायचा, त्यामुळे झोप लागत नाही. फ्रान्समधल्या माँपेलिए शहरातल्या तीसेक जणांच्या मूळ टीमने ही केली आणि डिसेंबरमध्ये गेम अवॉर्ड्समध्ये ‘गेम ऑफ द इयर’ नेलं.

‘स्प्लिट फिक्शन’ (मार्च २०२५) होस्टेलवाल्यांसाठी वरदान. दोघांनीच खेळायची गेम, पण विकत एकाने घ्यायची, दुसऱ्याला ‘फ्रेंड्स पास’वर फुकट. खोलीत एकाच सोफ्यावर बसूनही खेळता येते. शेअर करायची मुभा कंपनीनेच दिली तर काय होतं याचं हे उत्तम उदाहरण.

फुटबॉलवाल्यांनी एक लक्षात ठेवा. ‘एफसी’सारखी दर वर्षी नवा नंबर लावून येणारी गेम सप्टेंबरच्या आत विका. नवी आली की जुनीला कोणी विचारत नाही.

यंदाच्या यादीत ‘रेसिडेंट इव्हिल रेक्विम’, ‘००७ फर्स्ट लाइट’, ‘मार्व्हल्स वुल्व्हरिन’ अशी मोठी नावं आहेत. सगळ्या मुख्यतः गोष्ट सांगणाऱ्या. म्हणजे चार मित्रांनी एकेक वाटून घेतली तर वर्ष निघून जाईल.

डबीत काय आहे?

आता काळजीचा भाग. डिस्क हळूहळू पातळ होत चाललीय. ‘ॲलन वेक टू’ ऑक्टोबर २०२३ मध्ये फक्त डाउनलोडवर आली, डिस्क निघायला वर्ष गेलं. ‘हेलब्लेड टू’ २०२४ मध्ये तशीच आली. जून २०२५ मध्ये निन्टेन्डोने स्विच टू आणला आणि त्याबरोबर ‘गेम-की कार्ड’ नावाचा प्रकार. कार्ड दिसतं नेहमीसारखं, पण आत गेम नसतेच, नुसती किल्ली असते. कार्ड घालायचं, नेटवरून सगळी गेम उतरवायची, आणि मग खेळताना कार्ड आतच ठेवायचं. विकता येतं हे खरं. पण ज्या दिवशी कंपनीचा सर्व्हर बंद होईल, त्यानंतर ती किल्ली कुठल्याच कुलपाला लागणार नाही.

सर्व्हर कोण बंद करतं, असं वाटतं? युबीसॉफ्टने ‘द क्रू’ ही रेसिंग गेम ३१ मार्च २०२४ ला बंद केली. ती चालायला सतत नेट लागायचं, त्यामुळे ज्यांच्या कपाटात डिस्क होती त्यांच्याही हातात नुसती चकती उरली. सोनीची ‘कॉन्कॉर्ड’ २३ ऑगस्ट २०२४ ला आली आणि ६ सप्टेंबरला बंद झाली. आपल्या गणपतीच्या मुक्कामापेक्षा चार दिवस जास्त! सोनीने पैसे परत केले, एवढं बरं.

‘द क्रू’नंतर मात्र खेळणारे चिडले. ‘स्टॉप किलिंग गेम्स’ नावाची मोहीम सुरू झाली आणि युरोपात तिच्या अर्जावरच्या सह्या जुलै २०२५ मध्ये दहा लाखांच्या पुढे गेल्या. मागणी साधी आहे: विकलेली गेम बंद करताना ती निदान खेळता येईल अशा स्थितीत सोडा. कॅलिफोर्नियात २०२५ पासून कायदाच आहे की डिजिटल वस्तू विकताना गिऱ्हाइकाला मालकी मिळत नसून फक्त परवाना मिळतोय, हे स्पष्ट सांगावं लागेल. आपण ‘बाय’चं बटण दाबतो तेव्हा नेमकं काय विकत घेतो, हा प्रश्न आता गेमवेड्यांपुरता राहिलेला नाही.

आणि बनवणाऱ्याचं काय?

इथे एक प्रश्न टाळून चालणार नाही. जुनी डिस्क चार हातांतून फिरली तर बनवणाऱ्याला पैसे पहिल्याच विक्रीचे मिळतात. पुढच्या तिघांकडून त्याला दमडी मिळत नाही. मोठ्या कंपन्या हे नेहमी सांगतात, आणि ते चूक नाही. पण ज्या गेमची जगभरात लाखोंनी विक्री होते, तिचं गणित स्वारगेटच्या सौद्याने कोसळत नाही. खरा फटका बसू शकतो तो छोट्यांना. आणि असे छोटे आपल्या शहरातच आहेत.

पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ केली. श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयन मॉड यांचा हा स्टुडिओ. २०१७ मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे करून बघितले, ते जमलं नाही. तरी हटले नाहीत. १८ ऑगस्ट २०२० ला गेम निन्टेन्डो स्विचवर आली, ऑक्टोबरमध्ये पीएस फोर, एक्सबॉक्स आणि पीसीवर. त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या इंडी गेमसाठी नामांकन मिळालं. राजी ही सर्कशीत कसरती करणारी मुलगी, असुरांनी पळवलेल्या भावाला, गोलूला शोधायला निघते. हातात दुर्गेचा त्रिशूळ, भोवती राजस्थानी महाल, आणि मधल्या गोष्टी सांगायला सावल्यांच्या बाहुल्या. खांबाभोवती गिरकी घेऊन मारलेला तडाखा आजही भारी वाटतो. गेम छोटी आहे, शेवटी शेवटी लढाया त्याच त्याच होतात, हेही सांगायला हवं. पण खेळताना एकदाही कुणाची नक्कल वाटत नाही. याच मंडळींची ‘राजी: कलियुग’ गेल्या वर्षी एक्सबॉक्सच्या कार्यक्रमात जाहीर झाली. माझ्या यादीत ती जीटीएच्या बरोबरीने आहे.

बाहेरचंही उदाहरण घ्या. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या चिमुकल्या टीम चेरीने ‘हॉलो नाइट: सिल्कसाँग’ सप्टेंबर २०२५ मध्ये अवघ्या २० डॉलरला आणली, तर पहिल्याच दिवशी ऑनलाइन दुकानं गडगडली. मोठ्या गेमच्या एक तृतीयांशाहून कमी पैशांत महिनोन् महिने पुरणारी गेम. अशांची सेकंडहँड डिस्क शोधत बसू नये. तिथे डिजिटलच घ्यावी, पूर्ण पैसे देऊन, जमलं तर पहिल्या आठवड्यात.

तेव्हा माझा नियम सरळ आहे: मोठ्यांची डिस्क फिरवा, छोट्यांची गेम विकत घ्या. त्यासाठी ड्राइव्हवाला कन्सोल लागतो, कारण त्यावर दोन्ही चालतं. ड्राइव्ह नसलेल्यावर मात्र एकच वाट उरते, आणि तिच्यावर टोल किती लावायचा ते कंपनी ठरवते.

सौदा करताना

• डिस्कची चमकती बाजू प्रकाशात तिरकी धरून बघा. बारीक रेघा चालतात, खोल गोल ओरखडा चालत नाही.
• नवी डबी घेण्याआधी वरची सूचना वाचा. आत डिस्क आहे की नुसता डाउनलोडचा कोड, ते लिहिलेलं असतं. कोड एकदाच चालतो, मग डबी विकून उपयोग नाही.
• परदेशातून आलेली डिस्क चालेल, पण तिचे जादा भाग उतरवायला त्याच देशाचं अकाउंट लागू शकतं.
• निन्टेन्डोची भारतात अधिकृत विक्री नाही. बाहेरून आणलेला स्विच घेताना वॉरंटीचं नीट विचारा.
• गेम नेटशिवाय चालते का, हे आधी बघा. चालत नसेल तर डिस्क असूनही तिचं आयुष्य सर्व्हरच्या हातात.
• भेटायची जागा गर्दीची, वेळ उजेडाची. पैसे डिस्क हातात आल्यावरच.

१९ नोव्हेंबरला जीटीए येईल तेव्हा पहिल्या दिवशी घ्यायलाच हवी असं थोडंच आहे? पहिल्या आठवड्यात पाच-सहा जणांच्या ग्रुपमध्ये एकाने घेतली तरी पुरे. बाकीच्यांनी आपापला नंबर लावावा. तेरा वर्षं थांबलोय, आणखी तेरा दिवस काय मोठे!